वेटिंग रूममधली टेप

३ जून

प्रिय धाकटे,

तुला फोन करण्यात अर्थ नाही, हे आता मीही मान्य केलंय. मागच्या वेळी मी "ताईला ताप आहे" म्हणालो आणि तू "कुठे निघाला साप?" म्हणून अर्धा तास ओरडत होतीस. तुझ्या कानातली यंत्रं फोन लावला की शिट्ट्या मारतात आणि माझं अक्षर डॉक्टरी. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. आपल्या दोघांना आता पोस्टमनने राखावं.

मुद्द्याचं सांगतो. तुझ्या ताईच्या लेखी मी सध्या नळ दुरुस्त करायला आलेला माणूस आहे. दिवसातून दोन-तीनदा ती विचारते, "झालं का काम? मग निघा की आता." मी शरमून गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि थोड्या वेळाने नवा नळवाला म्हणून आत येतो. पन्नासेक वर्षांचा संसार, दातांच्या दवाखान्यात बसवलेल्या शेकडो कवळ्या, आणि शेवटी ही बढती.

आंघोळीच्या वेळी मात्र गंमत संपते. परका पुरुष बाथरूमच्या दारात येऊन "चल, पाणी गरम आहे" म्हणाला तर तू काय करशील? तेच ती करते.

विसराळूपणाच्या आजारासाठी एक नर्सबाई दर आठवड्याला घरी येतात. त्या म्हणाल्या, "गाणी ऐकवून बघा. तरुणपणी ऐकलेली गाणी बरेचदा शेवटपर्यंत टिकतात. पण आवड त्यांची हवी, तुमची नको." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या रेकॉर्डच्या कपाटाकडे बघून म्हटलं.

मी अर्थातच माझ्याच आवडीचं लावलं. तुला आठवत असतील ते माझे बुजुर्ग गायक, एक स्वर धरला की चहा निवेपर्यंत न सोडणारे. ताईने बराच वेळ शांतपणे ऐकलं. मी म्हटलं, जिंकलं! मग ती काळजीने म्हणाली, "किती वेळ विव्हळतोय बिचारा. आत घ्या ना त्याला. दाढ दिसतेय."

तेव्हा शरण जाण्याजोगी व्यक्ती तू एकच. लग्नाआधी ताई काय गुणगुणायची? लिहून पाठव. मला आठवत नाही असं नाही. मला माहीतच नाही.

तुझा,
भाऊजी

९ जून

भाऊजी, नमस्कार.

तुमच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चौदा चुका आहेत. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे आधी चुका दिसतात आणि मजकूर मागाहून. इलाज नाही.

बायकोला कोणतं गाणं आवडतं हे ठाऊक नसलेला नवरा मी पहिलाच पाहिला, असं लिहिणार होते. मग आठवलं की आमच्या ह्यांना माझ्या चहात साखर किती हे शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

गाणी सांगते. पहिलं, नावाड्याचं ते धावतं गाणं. रेडिओवर लागलं की ताई गालिचा झोडपायला घ्यायची, ठेक्यात, आणि सगळी धूळ माझ्या अंगावर. दुसरं, झोपाळ्याचं. तिसरं, त्या विनोदी नटीचं, जे बाबांनी घरात बंद केलं होतं आणि म्हणून दोघींना तोंडपाठ होतं. चौथं, संध्याकाळी लागायचं ते दिव्याचं. शब्द वेगळ्या कागदावर लिहिलेत, म्हणजे भाचीने पाठवलेल्या, सांगितलं ते गाणं लावणाऱ्या त्या बोलक्या डब्याला सांगता येतील. मला हल्ली गाणं ऐकू येत नाही. नुसता लोखंडी पत्रा हलवल्यासारखा आवाज येतो. पण डोक्यात सगळी जशीच्या तशी वाजतात, फुकट आणि खरखरीशिवाय.

आणखी एक. ताई गाणं ऐकायला कधी बसली नाही. तिचे हात चालू असायचे. तिला खुर्चीत बसवून समोर गाणं ठेवू नका, पाटावर वाढल्यासारखं. हातात काहीतरी द्या.

आता माझा प्रश्न. तुमचं अक्षर वाईटच असतं, पण ते उजवीकडे कलतं. हे पत्र डावीकडे कललंय. उजव्या हाताला काय झालंय?

तुमची मेहुणी

१८ जून

प्रिय धाकटे,

हाताला काही नाही. किंचित लचकलाय. मुद्रितं तपासावीत, माणसं तपासू नयेत.

लेकीने पाठवलेल्या बोलक्या डब्याशी माझं जमायला वेळ लागला. मी "नावाड्याचं गाणं" म्हटलं, त्याने मला होड्यांच्या किमती सांगितल्या. शेवटी तुझ्या कागदावरचे शब्द मी त्याला गाऊन दाखवले. तो म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही." गाण्याबद्दल इतकं स्पष्ट मत मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

पण लागलं एकदाचं. ताईच्या हातात मी सोफ्याची उशी दिली होती. धाकटे, तिने मान वर केली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गायली! सकाळी दूध प्यायली की नाही हे न आठवणारी बाई, तिन्ही कडवी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि उशीला असे रट्टे की कापूस बाहेर. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात गाणं तोडून एक बाई सांगू लागल्या की अमुक पेस्टने दात आठवड्यात शुभ्र होतात. मी उभ्या जन्मात इतकं खोटं ऐकलं नव्हतं. मी डब्याशी वाद घातला. तोवर ताई उठून गेली.

दुसऱ्या दिवशी झोपाळ्याचं गाणं. त्याने ती रडली. मी घाबरून बंद केलं, तर माझ्यावरच चिडली. आणि परवा दिव्याचं. ते सुरू होताच ती ताडकन उठली, दाराशी गेली, "बाबा अजून कसे आले नाहीत" म्हणून कडी ओढू लागली. तास-दीड तास तिला आवरता आवरेना. गाणं मी लावलं, गुन्हेगार मीच.

तेव्हा हा प्रयोग बंद. नर्सबाईंना सांगितलंय की आमच्या घरी संगीताला वाव नाही. लेक येऊन गेली. बाकी सर्व ठीक.

भाऊजी

२४ जून

भाऊजी,

ताई रडली म्हणून गाणं बंद केलंत? तुमचा धंदाच नडला. समोरचा कळवळला की तुम्हाला दोनच गोष्टी सुचतात, थांबायचं किंवा उपटायचं. झोपाळ्याच्या गाण्याला ती वीस वर्षांची असतानाही रडायची. आवडीने रडायची. पुढच्या वेळी रडली तर रुमाल द्या आणि गप्प बसा. यातला दुसरा भाग तुम्हाला अवघड जाईल.

दिव्याच्या गाण्याचं खापर मात्र माझ्या डोक्यावर. बाबा गिरणीतून उशिरा यायचे, आई वाट बघत असायची आणि हे गाणं लागलं की गप्प व्हायची. मला ते गाणं अतोनात आवडायचं, कारण मी लहान होते आणि काळजी करणं ताईचं काम होतं. खरं सांगायचं तर त्या यादीतली निम्मी गाणी माझ्या आवडीची आहेत. तुम्ही ताईची मागितलीत, मी लिहायला बसले आणि हात घसरत गेला. वाटलं, मला ऐकू येत नाहीत, निदान तुमच्या घरात तरी वाजू देत. दुसऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठीवर आपला खोकला लिहावा, तशातला प्रकार. दिव्याचं गाणं पुन्हा लावू नका.

आता तुमच्या "बाकी सर्व ठीक"बद्दल. भाचीचं पत्र आलंय. ताईचं नाव तुम्ही एका निवासी केंद्रात घातलंत, तिथे जागा झालीय, आणि महिनाअखेर उत्तर द्यायचंय, हे मला तिच्याकडून कळावं? आणि हात लचकलेला नाही म्हणे. बोट मोडलंय.

मी रागावलेले नाही. रागावले असते तर "सप्रेम नमस्कार" लिहिलं असतं.

धाकटी

२८ जून

प्रिय धाकटे,

कबूल. बोट मोडलंय. ताईने बाथरूमचं दार लावलं आणि मी मध्ये हात घातला. तिने परक्या माणसाला बाहेर ठेवलं, त्यात तिची चूक काय? मी अस्थितज्ज्ञाला सांगितलं की कपाट पडलं. तो म्हणाला, "कपाटाला कडी होती का?" डॉक्टर लोक फार आगाऊ असतात.

केंद्राचंही खरं. जागा चांगली आहे, बाग आहे. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं.

पण काल काय झालं ते ऐक. म्हणजे वाच.

लेक म्हणाली होती की ताईचे कपडे हळूहळू एका बॅगेत भरून ठेवा. बॅग माळ्यावर. ती काढताना मागून दवाखान्यातला जुना कॅसेट प्लेयर निघाला, आत टेप तशीच. बासरी आणि बरोबर काहीतरी तारांचं. वेटिंग रूममध्ये दिवसभर चालायची ती. भंगारात द्यावा की कसं म्हणून चालू आहे का बघितलं.

वाजू लागला. मी खुर्चीवर बसून धूळ पुसत होतो. ताई आतून आली. केस नीट बांधलेले, चष्मा डोळ्यांवर. दवाखान्यात रोग्यांची नावं लिहून घ्यायला बसायची तशी डायनिंग टेबलामागे बसली, वर्तमानपत्र पुढे ओढलं, पेन घेतलं आणि म्हणाली, "बसा, बसा. उठू नका. पहिल्यांदाच आलात?"

महिन्याभरात ती माझ्याशी इतकं गोड बोलली नव्हती. मी म्हटलं, "हो."

"कोणी पाठवलं?"

"असंच. पाटी बघून आलो."

"भीती वाटतेय?"

"थोडी."

"वाटायचीच. हात हलका आहे डॉक्टरांचा. फक्त तोंडात हत्यारं घालून प्रश्न विचारायची खोड आहे त्यांना. उत्तर द्यायच्या फंदात पडू नका, मान हलवा. मी घरीही तेच करते."

धाकटे, इतकी वर्षं मला वाटत होतं तिला माझं पटतंय.

मी धीर करून विचारलं, "माणूस कसा आहे?"

तिने दाराकडे बघून घेतलं, आत कोणी ऐकत नाही ना म्हणून. "चांगला आहे. स्वतःला फार शहाणा समजतो, तेवढं सोडा. पण कोणी रडायला लागलं की त्याचे हातपाय गळतात. म्हणून सांगते, रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या, इथे माझ्यासमोर. आत गेल्यावर नको."

मी आज्ञाधारक रोगी निघालो.

आज सकाळी मुद्दाम टेप लावली आणि गॅलरीत जाऊन लपलो. ताई उठली, "उघडायची वेळ झाली" म्हणाली, आणि आपण होऊन आंघोळीला गेली. पाणी मी काढून ठेवलं होतं. दार तिनेच लोटून घेतलं. मी बाहेर उभा, मोडकं बोट छातीशी धरून, आणि आतून नावाड्याचं गाणं ऐकू येत होतं.

गंमत म्हणजे ती टेप मी आजवर कधी ऐकलीच नव्हती. माझ्या कानाशी ड्रिल चालू असायचं. बरी आहे.

भाऊजी

२ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला एकही चूक दिसली नाही. दुसऱ्या खेपेला नऊ दिसल्या, पण लाल पेन उघडलं नाही.

ती टेप कुठून आली हे तुम्हाला माहीत नसणारच. ताईने आणि मी जाऊन आणलेली. तुमच्या दवाखान्याला सुरुवात होऊन फार दिवस झाले नव्हते. दुकानदाराने विचारलं, "गाणी कशी हवीत?" ताई म्हणाली, "शब्द नसलेली द्या. शब्द आतून पुष्कळ ऐकू येतात." आणि एवढंच नाही. दुकानातच एका स्टुलावर बसून तिने अख्खी बाजू ऐकली, गाल हातात धरून, दाढ दुखत असल्यासारखी. म्हणाली, "दुखत असताना सहन होतं का, ते बघायला नको?" मला कंटाळा आला होता, मी आइस्क्रीम मागत होते. चांगली तिशीची होते तेव्हा.

तेव्हा बघा, आपण दोघं तिच्या पंधराव्या-विसाव्या वर्षात खणत बसलो, मी माझी गाणी पेरत आणि तुम्ही जाहिरातींशी भांडत. आणि तिच्या मनातली जागा होती ती टेबलामागची.

आता एक सूचना. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. औषध लागू पडलं म्हणून बाटली तोंडाला लावू नका.

आणि मी येतेय. पंधरवड्यात निघते. तुम्हाला सगळं नीट कसं करायचं ते शिकवायला एक माणूस हवंच आहे.

धाकटी

१० जुलै

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचेपर्यंत बाटली तोंडाला लावून झाली होती.

तीन दिवस मी टेप उलटीपालटी करत दिवसभर वाजवली. ताई सकाळपासून टेबलामागे. रोगी मी एकटाच, म्हणून दर वेळी टोपी बदलून, कधी लंगडत येत होतो. नाट्यस्पर्धेत भाग घेतला नाही ते बरं झालं, असं नंतर आरशात बघून वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताईने पेन आपटलं. "या दवाखान्याला सुट्टी आहे की नाही? डॉक्टरांना माणुसकी नाही!" ती थकून रडकुंडीला आली आणि रात्री जेवली नाही. नर्सबाईंनी मला, ताईसमोर, चांगलंच फैलावर घेतलं. सकाळी आंघोळीआधी एकदा आणि संध्याकाळी ती कासावीस होते तेव्हा थोडी, बस. मध्ये शांतता. मी मान हलवली.

त्यातच प्लेयरने टेप खाल्ली. आतडी बाहेर आल्यासारखा तो तपकिरी गुंता लोंबत होता. मग हत्यारांची पेटी काढली. भिंग लावलं, चिमटे घेतले, मोडक्या बोटानिशी अख्खी सकाळ शस्त्रक्रिया केली. रोगी वाचला. निवृत्तीनंतरची माझी एकमेव यशस्वी केस. लगेच दुकानात नेऊन दोन प्रती करून घेतल्या.

केंद्राचं सांगतो. महिनाअखेरीस लेक उत्तर घ्यायला आली होती. तिने हातात पेनच आणलं होतं, सही करायला. मी फक्त टेप लावली. ताई येऊन बसली, लेकीकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "ये गं बाळ. एकटीच आलीस? शूर आहेस." लेक पन्नाशीला टेकलीय, दोन मुलांची आई आहे. ती खुर्चीवर बसली ती ओठ घट्ट मिटून. ताईने तिच्या हनुवटीला हात लावला, "आ कर बघू" म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "हिला आधी सोडा हं, तुम्हाला चालेल ना?" मी म्हटलं चालेल.

नंतर लेक आणि मी गॅलरीत उभे राहून बोललो. मी घर न सोडण्याची शपथ वगैरे घेतली नाही. रोज मी पुरा पडत नाही, हे तिला दिसतं आणि मलाही. केंद्रात नुसते दिवसापुरतेही लोक घेतात. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस ताई तिथे जाईल, टेपच्या प्रतीसकट, आणि त्या दोन दिवशी मी झोपेन. पुढचं पुढे. सहीसाठी आणलेल्या पेनने लेकीने तेवढंच लिहिलं.

तू ये. गादी घालून ठेवतो. शिकव मला.

भाऊजी

२९ जुलै

भाऊजी,

सुखरूप पोचले. वाटेसाठी दिलेला जेवणाचा डबा परत पाठवते आहे.

तुमच्याकडे असताना मी फार बोलले नाही, ते आता लिहिते. समोर असताना मला लोकांचे ओठ वाचावे लागतात, आणि तुमच्या मिशा आड येतात.

ताईने मला ओळखलं नाही. मनाची तयारी करून आले होते. गाडीत पूर्ण वेळ तयारीच करत होते. उंबऱ्यात उभी राहिले आणि तयारी स्टेशनवर विसरल्यासारखं झालं. तुम्ही पाणी आणायला गेलात, मी डोळे पुसले आणि तुम्हाला सांगितलं की कचरा गेला. तुम्ही "दाखव" म्हणालात. खरंच, भाऊजी!

संध्याकाळी तुम्ही टेप लावलीत. मी प्लेयरवर हात ठेवून बघितला. थरथर लागली, सूर कळले नाहीत. मग ताई येऊन बसली आणि मला, शिकवायला आलेल्या शहाणीला, तिने रांगेत तिसरा नंबर दिला. काहीतरी विचारलं, पण मान खाली, मला ओठ दिसेनात. मी "काय?" म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा "काय?"

तिने वर बघितलं. मला वाटलं आता चिडणार. तिने वर्तमानपत्राची कड फाडली, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं: "ऐकायला त्रास होतो का? हरकत नाही. मी लिहून सांगत जाईन."

वाक्यात एकही चूक नव्हती. मी तपासलं.

मग आम्ही लिहूनच बोललो, तुम्ही ओट्याशी होतात तोवर. तिने लिहिलं, "घरी कोण असतं?" मी लिहिलं, "एकटी असते." तिने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग लिहिलं, "मग लवकर घरी जाऊन काय करणार? बसा इथे. इथे माणसं येत-जात असतात." तो कपटा मी पर्समध्ये घालून आणलाय. तुमच्या घरातून चोरलेली एकमेव वस्तू.

तुम्हाला शिकवायला आले होते. टॉवेलच्या घड्या कशा द्यायच्या, कोणत्या वेळी काय लावायचं, सगळं ठरवून. पहिल्या सकाळी तुम्ही गॅलरीत लपताना बघितलं, लुंगी सावरत, श्वास रोखून, शाळकरी पोरासारखे, आणि ती गुणगुणत आंघोळीला गेली. मी माझे धडे बॅगेतच ठेवले.

धाकटी

१४ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

ताईचा केंद्रातला पहिला दिवस पार पडला. मी झोपणार होतो. प्रत्यक्षात दिवसभर घड्याळाकडे बघत बसलो आणि आणायला गेलो तो वेळेच्या बराच आधी. आत बघतो तर टेप चालू, ताई टेबलामागे, आणि समोर आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या ओळीत बसलेले, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. तिथल्या बाई म्हणाल्या, "इतकी शिस्त इथे कधी नव्हती." एक आजोबा मला बघून ओरडले, "ओ, मध्ये घुसू नका! रांग आहे!"

सगळं गोड झालंय असं मात्र समजू नकोस. गेल्या आठवड्यात एक दिवस टेपचा काडीइतका उपयोग झाला नाही. मी पुन्हा नळवाला झालो, आणि नळ न सुधारल्याबद्दल शिव्या खाल्ल्या. नर्सबाई म्हणतात, असे दिवस वाढत जातील. मी त्यांना विचारलं, मग हे सगळं कशासाठी? त्या म्हणाल्या, "डॉक्टर, दात शेवटी पडणारच असतात. तरी तुम्ही भरत होतात ना?" माझंच हत्यार माझ्या तोंडात घालणारी बाई आहे.

कालचं सांगून संपवतो.

संध्याकाळी टेप लावली. आज ती पुन्हा केंद्रात जाणार होती म्हणून काल मी जरा उदास होतो. कोणतीही टोपी घातली नाही, लंगडलो नाही. नुसता जाऊन खुर्चीत बसलो. ताईने वर्तमानपत्रावर काहीतरी लिहिलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"बरोबर कोणी आलंय का तुमच्या?"

"बायको आली होती," मी म्हटलं.

"मग कुठे गेली?"

काय सांगू? इतकी वर्षं लोकांच्या तोंडात हत्यारं घालून प्रश्न विचारले. उत्तर देता न येणं म्हणजे काय ते काल कळलं. शेवटी म्हणालो, "इथेच होती. येईल इतक्यात."

तिने दाराकडे बघितलं. मग घड्याळाकडे. पेनाला टोपण लावलं, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"असं एकट्याने बसू नये," ती म्हणाली. "त्या येईपर्यंत मी बसते तुमच्याजवळ."

आणि माझा हात हातात घेतला. मोडलेल्या बोटाचा, तोही जपून.

थोड्या वेळाने टेप संपली. खट्कन बटण वर आलं. मला वाटलं, आता ती उठणार. ती उठली नाही. मीही दुसरी बाजू लावायला उठलो नाही.

तुझा,
भाऊजी